शंभरातली बावीस पिल्लं खुरटली
तालुक्याच्या हॅचरीतून गिरिराज जातीच्या कोंबडीची एक दिवसाची शंभर पिल्लं आणली. तिसऱ्या आठवड्यात बाकीची ओंजळीत मावेनात, आणि बावीस मात्र मुठीएवढीच. पिसं विस्कटलेली, शीट पातळ. ब्रूडरखाली, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या साधनाखाली, पहिला आठवडा ३५ अंश, मग दर आठवड्याला तीन अंश कमी, हे मी थर्मामीटर टांगून पाळलं होतं. डॉक्टरांनी शीट तपासली, कॉक्सी हा आतड्याचा रोग नव्हता. हॅचरीवाले एवढंच म्हणाले, “ताई, थंडी लागली असेल.” अंडी कोवळ्या तलंगांची, म्हणजे नुकत्याच अंडी घालू लागलेल्या कोंबड्यांची होती का, कारण लहान अंड्यातून पिल्लूही लहानच निघतं, याचं उत्तर दिलं नाही. लसीचा कागदही नाही. खुरटी वेगळी ठेवली, पसरट ताटलीत भरडा दिला, नऊ जगली. पिल्लांचा डबा घेताना तिथेच उघडून प्रत्येकाची बेंबी सुकली आहे का ते बघा. मी इथून पुन्हा घेणार नाही.