नागपुरात गल्लीतलं पिल्लू दत्तक घ्यायचं असेल तं हे वाचून घ्या

ज्या ग्रुपकडून आम्ही पिल्लू घेतलं त्याचं रेटिंग आधी सांगते, ५ पैकी साडेचार. हा छोटा ग्रुप आहे, प्रतापनगर त्रिमूर्तीनगर भागातली पिल्लं उचलतात, जंताचं औषध आणि लस देतात आणि मग घरं शोधून देतात. नाव इथे लिहीत नाही कारण त्यांनीच नको म्हटलं, पत्ता पसरला की लोक रात्री गेटवर पिल्लांचं खोकं ठेवून पळून जातात. तुमच्या भागात कुत्र्यांच्या नसबंदीचं काम कोण करते ते विचारा, अशी माणसं सापडतात.

पिल्लू द्यायच्या आधी हे लोक घराची जी चौकशी करतात ना, मला सगळ्यात आवडलं ते हेच. बाकी लोक नेमके त्याच्यावरच चिडतात, गल्लीतलं पिल्लू, पैसे घ्यायचे नाही, मग एवढे प्रश्न काहून म्हणे. त्याच्या आधी आम्ही ब्रीडची पिल्लं विकणाऱ्या एकाला फोन केला होता तं त्याने फक्त पैसे ऑनलाइन देता की कॅश एवढंच विचारलं, आणि पिल्लू ३५ दिवसांचं आहे हे तो कौतुकाने सांगत होता! २०१७ च्या केंद्राच्या डॉग ब्रीडिंग नियमांप्रमाणे ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. हा ग्रुप काही विकत नाही तरी दोन महिने झाल्याशिवाय पिल्लू हातात देत नाही, कारण दात किती जोरात लावायचे ते पिल्लू भावंडांशी खेळताना शिकते, लवकर तोडलं की मग घरातल्या लेकरांचे हात चावते.

पहिला राऊंड फोनवर. कुत्रे आवडतात का असं कोणी विचारलंच नाही, आवडतात म्हणूनच फोन केला ना. त्यांचे प्रश्न असे की हो-नाही करून सुटताच येत नाही. मे महिन्यात दुपारी लाईट गेली, कूलर बंद, तेव्हा पिल्लू घरात कुठे असेल? आपल्याकडे पारा ४५ च्या वर जाते, टिनाच्या शेडखाली किंवा गच्चीवर बांधलेलं पिल्लू उष्माघाताने मरू शकते, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर गोलमोल आलं की ते पुढे बोलतच नाहीत. रात्री अकराला उलट्या-जुलाब लागले तर कोण नेणार, गाडी कोण काढणार? सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजचा दवाखाना त्यांनी सांगितला, पण रात्रीसाठी जवळचा डॉक्टर आधीच बघून फोन नंबर सेव्ह करा म्हणाले. मे च्या सुट्टीत सगळे मामाच्या गावाला गेले तर पिल्लू कोणाकडे? आधीचा कुत्रा होता का, कितव्या वर्षी गेला, कशाने गेला, कोणत्या डॉक्टरकडे न्यायचे? आम्ही डॉक्टरचं नाव सांगितलं तं त्यांनी खरंच त्यांना फोन करून विचारलं, आणि मला ते बरोबरच वाटलं.

आणखी एक प्रश्न मला आधी समजला नाही, वर्षभरात या घरात किंवा अंगणात कोणतं पिल्लू आजारी पडून गेलं का. तो पार्व्होसाठी होता, म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाब होऊन जीव घेणारा रोग. त्याचा विषाणू मातीत कितीतरी महिने टिकते आणि साध्या फिनाईलने जात नाही, अशा अंगणात लसीचे डोस पूर्ण न झालेलं पिल्लू सोडलं की तेही जायची भीती. हे विचारणारा माणूस मला बाकी कुठे भेटला नाही.

मग घरी येतात, आणि त्या दिवशी घरातले सगळे हजर पाहिजेत. आमच्याकडे सासूबाईंचा विरोध होता. मला वाटलं त्या नाही म्हणाल्या की विषय संपला, पण ग्रुपच्या ताईंनी आम्हाला सोडून त्यांच्याशीच जास्त बोलणं केलं, आई तुम्हाला नेमका त्रास कशाचा होईल म्हणून. तं देवघराचं निघालं, केसांचं निघालं, आणि खरं म्हणजे गुडघ्याचं निघालं, पिल्लू पायात आलं आणि मी पडले तर? ही भीती त्या आम्हाला कधी बोलल्याच नव्हत्या. मग देवघराच्या दाराला छोटं फाटक, रात्री पिल्लाची जागा ठरलेली, आणि सकाळी आई उठायच्या आधी पिल्लाला बाहेर कोण नेणार हे माझ्या नवऱ्याने त्यांच्यासमोर कबूल केलं.

पिल्लूही त्यांनीच निवडून दिलं! आमच्या पोट्टीला जाळीवर उड्या मारणारी काळी हवी होती, पण सगळ्यात दांडगी तीच, लहान लेकरू आणि म्हातारं माणूस असलेल्या घरात ती देणार नाही म्हणाले. मधली शांत, थोडं बघून मग जवळ येणारी तपकिरी दिली. आमच्या घराला तीच बरोबर होती, आता आईंच्या खुर्चीखाली झोपून राहते. काळी एका जोडप्याकडे गेली, दोघंही रोज अंबाझरीला पळायला जातात.

आमच्या ओळखीतल्या एकांना नकार मिळाला, ते अजून रागात आहेत. बेसाकडे त्यांचा प्लॉट, बांधकामावर राखण करायला कुत्रा पाहिजे होता, स्वतः राहायला जाणार वर्षभराने. तोपर्यंत मजुरांनी उरलेलं टाकायचं आणि साखळीला बांधून ठेवायचं, असं पिल्लू राखण तं काय करणार, दिवसभर भुंकणार आणि माणसांना भिणार. मी त्यांना तोंडावर सांगितलं की नकार योग्य होता. वाढदिवसाचं गिफ्ट म्हणून मागणाऱ्यांनाही देत नाहीत, आणि दिवाळीच्या आठवड्यात तं कोणालाच नाही, फटाक्यांत नवीन जागी आलेलं पिल्लू घाबरून गेटखालून निघून जाते.

अर्धा पॉइंट कापला तो भाडेकरूंसाठी. घरमालकाचं पत्र मागतात ते ठीक आहे, पण पत्र आणलेल्यांनाही लटकवून ठेवतात. भाड्याने राहणारी कितीतरी पोरं कुत्र्यांना जिवापाड सांभाळतात, त्यांनाही स्वतःचं घर असलेल्यांइतकाच चान्स मिळायला पाहिजे. फॉर्मसुद्धा इंग्रजीतच आहे, सासूबाईंना वाचून दाखवावा लागला, तो मराठीत करा ही विनंती. फोन उचलायला वेळ लावतात पण सगळे नोकरी सांभाळून करून राहिले, समजून घ्या.

शेवटी कागदावर सही घेतात. नसबंदी करायची, पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस द्यायची, नुसत्या दूध-पोळीवर ठेवायचं नाही, आणि कधी सांभाळणं जमलं नाही तर परस्पर दुसऱ्याला न देता त्यांनाच परत करायचं. नंतर व्हिडिओ कॉल करतात, न सांगता एकदा येऊनही गेले.

जाणार असाल तर लसीकरणाचा खर्च घरात आधी बोलून घ्या, आणि जो नाही म्हणत असेल त्याला त्या दिवशी बाहेर पाठवू नका. फ्लॅटमध्ये असाल तर पाळीव प्राण्यांना सोसायटी बंदी घालू शकत नाही हे सांगणारं ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५ चं पत्रक या ग्रुपकडे आहे, त्याची प्रिंट मागून घ्या.