हार्वर्डचं 'एआय एक्सप्लोरर': नोंद कोणाची, तारीख कोणती

संग्रहालयांच्या वेबसाइटवर हल्ली चित्राखाली सफाईदार वर्णन असतं, पण ते क्युरेटरने लिहिलंय की एआय मॉडेलने, हे कळायला मार्ग नसतो. अमेरिकेतल्या केंब्रिजच्या हार्वर्ड आर्ट म्युझियम्सचं 'एआय एक्सप्लोरर' हे संकेतस्थळ ही सरमिसळ होऊ देत नाही. ते फुकट आहे आणि बघायला खातं उघडावं लागत नाही.

एखादी कलाकृती उघडली की आधी माणसांनी केलेली नोंद दिसते: शीर्षक, काळ, कलावंत, देणगीदार. त्याखाली यंत्रांची. अ‍ॅमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट, क्लॅरिफाय, इमॅगा या कंपन्यांच्या यंत्रणांचे टॅग (चित्रात काय दिसतं ते सांगणारे एकेक शब्द) वेगवेगळे आणि पुढे आकडे. त्यानंतर रंग, चेहरे, चित्रातली अक्षरं, वाक्यांतली वर्णनं. आता जनरेटिव्ह, म्हणजे स्वतः मजकूर रचणाऱ्या मॉडेल्सची वर्णनंही आली आहेत. कोणत्या मॉडेलने कधी लिहिलं तेही सोबत असतं.

आकड्यांना भुलू नका. ९९ म्हणजे मॉडेलला स्वतःची खात्री ९९ टक्के. उत्तर बरोबर असण्याची ती हमी नव्हे. चेहऱ्यांचा भाग तर सर्वांत कच्चा. कागदावरच्या चेहऱ्याचं वय, लिंग, भावना ठरवायची म्हणजे अंदाजपंचेच. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये असे अंदाज देणं बंद करायचं जाहीर केलं, पण त्याआधीच्या नोंदी इथे तारखेसकट टिकून आहेत. संशोधकाला हे घबाड, घाईत वाचणाऱ्याला चकवा.

आपल्या वाचकांनी भारतीय कलेचे अभ्यासक स्टुअर्ट कॅरी वेल्च यांच्या संग्रहातली भारतीय चित्रं जरूर उघडावीत. बाजूने दाखवलेले चेहरे, सपाट अवकाश, एकावर एक रचलेली माणसं. छायाचित्रांवर पोसलेली मॉडेल्स इथे अडखळतात. 'ब्लिप' या चित्रवर्णन करणाऱ्या मॉडेलच्या ओळी तर रेखाटनालाही बऱ्याचदा 'अ फोटोग्राफ ऑफ' म्हणत सुरू होतात.

टॅग चुकला तर लगेच खटकतो. गुळगुळीत वाक्यातली चूक मात्र सहज खपते. त्यातून व्हॅन गॉगच्या १८८८ च्या आत्मचित्रासारखी प्रसिद्ध कृती असेल, तर मॉडेल चित्र पाहून बोलतंय की पाठांतर म्हणून दाखवतंय, हे ओळखता येत नाही. मॉडेल पारखायचं तर अनामिक चित्रकाराची, फारशी न छापलेली कृती घ्या. आधी चित्र मोठं करून हातांत काय आहे, माणसं किती, डावीकडे काय, हे स्वतः लिहा. मग वर्णनं वाचा. चूक बहुधा मोजणीत, हातातल्या वस्तूत किंवा नात्यात सापडते: शेजारी बसलेली बाई लगेच 'पत्नी' होते.

तक्रारी आहेतच. सगळं इंग्रजीत, पानं लांबलचक, मोबाइलवर स्क्रोल करून अंगठा दुखेल अशी. मोठ्या प्रमाणावर माहिती हवी असेल तर पानं उपसत बसू नका. संग्रहालयाच्या एपीआयची (प्रोग्रॅममधून थेट माहिती मागवण्याच्या सोयीची) चावी फुकट मिळते, दिवसाला २,५०० विनंत्या चालतात, एका विनंतीत १०० नोंदी येतात. यंत्राच्या नोंदी 'अ‍ॅनोटेशन' या भागात मिळतील.

सी-डॅक, पुणे यांच्या 'जतन' या संग्रहालयांच्या डिजिटल नोंदींच्या प्रणालीत काम करणाऱ्यांनी इथली मांडणी तरी नक्की उचलावी. यंत्राच्या मजकुराला वेगळा रकाना, शेजारी मॉडेलचं नाव, तारीख. त्यात तपासणाऱ्याची सही आपण जोडावी. ऑल्ट टेक्स्टसाठी (चित्र न दिसणाऱ्यांना वाचून दाखवायच्या वर्णनासाठी) मॉडेलचा मसुदा चालेल, पण सहीचा रकाना रिकामा असेपर्यंत तो वेबसाइटवर चढवू नये.