तलवारबाजीचं जाकीट: ३५० न्यूटन की ८०० न्यूटन?

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका ताईंची लेक नुकतीच फॉइल (तलवारबाजीचा एक प्रकार) शिकू लागली आहे. जाकीट कोणतं घ्यावं, यावर त्यांचं घोडं अडलंय.

आधी संरक्षण. न्यूटनचा आकडा सांगतो, कापड भेदायला किती जोर लागतो. पातं बोथट असतं, पण तुटलं की टोकदार होतं. खरा धोका तिथेच. १९८२ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत व्लादिमीर स्मिर्नोव या ऑलिंपिक विजेत्याच्या मुखवट्याची जाळी तुटलेल्या पात्याने भेदली आणि त्याचा जीव गेला. त्यानंतर मुखवटे, कापड आणि पात्याचं पोलाद, सगळ्यांचे निकष कडक झाले. म्हणून ८०० चं पारडं इथे निःसंशय जड.

किमतीत ३५० स्वस्त. वाढत्या वयात जाकीट लवकर आखूड होतं, हेही धरा. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात जाड कापड त्रास देतं, पण म्हणून चेन उघडी ठेवून खेळू देऊ नका. टिकाऊपणा धुण्यावर ठरतो: ब्लीच दोन्हींना नको, उसवलेली शिवण दिसली की वापर बंद.

पहिल्या वर्षाच्या सरावाला ३५० चालेल, मात्र आत ८०० न्यूटनचं प्लास्ट्रॉन (जाकिटाखाली तलवारीच्या हाताच्या काखेवर-बरगड्यांवर घालायचं जादा संरक्षक कापड) आणि मुलीला छातीचं कवच हवंच. हे नसेल तर सराव थांबवा, इतकं मी ठामपणे सांगते. मोठ्या, जोरकस खेळाडूंशी लढत असेल किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा विचार असेल, तर ८०० च घ्या. बाकी, पातं घुसण्यापेक्षा घोटा-गुडघा मुरगळणं जास्त घडतं. तिथे जाकीट नाही, चांगले बूट आणि वॉर्म-अप कामी येतात.