सहा फुटी टेबलाला ७२ इंची रनर की ९० इंची?

७२ इंच लांबीच्या जेवणाच्या टेबलावर ९० इंची रनर, म्हणजे मधोमध लांबीत अंथरायची कापडी पट्टी, अंथरला, तर दोन्ही टोकांना ९-९ इंच कापड लोंबते आणि ते निःसंशय डौलदार दिसते. मात्र टोकांच्या खुर्च्यांवर रोज कोणी बसत असेल, तर तेच कापड मांडीवर येते आणि उठताना ओढले जाऊन वरणाचे भांडे कलंडू शकते. ७२ इंची रनर काठाशीच संपतो, त्यामुळे तो किंचित तोकडा भासतो, आणि सुती असल्यास धुतल्यावर आटून आणखी आखूड होतो, पण बसणाऱ्याला अडचण करत नाही. टोके रिकामी राहणाऱ्या चौघांच्या घरासाठी मी ९० इंचीच निवडेन. रुंदी मात्र दोन्हींत टेबलाच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे ३६ इंचांना १२ इंच, पुरे. त्याहून फार रुंद रनरवर ताटांच्या कडा चढतात.