टोल कंपनीची क्रेन की खासगी मालकाची? अवजड वाहने ओढण्याच्या कामाचा तुलनात्मक आढावा

ट्रेलर किंवा टँकर काही वर्षे चालवलेल्या चालकाला क्रेनच्या कामाचे आकर्षण वाटते, याचे मुख्य कारण घर जवळ राहते हे असते. लांब पल्ल्याच्या गाडीवर आठवडेच्या आठवडे बाहेर काढावे लागतात. क्रेनवरचा माणूस मात्र ठरावीक पट्ट्यात काम करतो आणि काम संपले की आपल्या गावी परततो. महाराष्ट्रात असे काम प्रामुख्याने दोन ठिकाणी मिळते. एक म्हणजे रस्त्याची देखभाल आणि टोलवसुली करणाऱ्या कंपनीच्या क्रेनवर, मग ती मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर असो, समृद्धीवर असो किंवा एखाद्या राष्ट्रीय महामार्गावर. दुसरे म्हणजे खासगी क्रेनमालकाकडे, ज्याची हायड्रा (ओझे उचलून चाकांवर चालणारी क्रेन) आणि टोचनची (बंद गाडी ओढून नेणारी) गाडी घाटाच्या तोंडाशी किंवा ट्रान्सपोर्ट नगराजवळ उभी असते. निवड करणारा बहुतेक वेळा पगाराचा आकडा आधी विचारतो. माझ्या मते त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: बेल्ट (ओझे उचलण्याचा जाड पट्टा) लावल्यावर हे ओझे आपल्या क्रेनला झेपणार नाही असे चालकाला वाटले, तर त्याचे ऐकले जाईल का?

आधी दोन्ही कामांचा आवाका पाहावा. कंपनीच्या क्रेनचे पहिले कर्तव्य मार्गिका मोकळी करणे हे असते. राष्ट्रीय महामार्गावर 1033 या मदत क्रमांकावर फोन आला किंवा गस्तीच्या गाडीने कळवले की क्रेन निघते, बंद पडलेला ट्रक कडेला किंवा जवळच्या थांब्यावर नेऊन ठेवते आणि साधारणपणे तेथेच तिचे काम संपते. पुढे गॅरेजपर्यंत गाडी कशी न्यायची, हा वाहनमालकाचा प्रश्न असतो आणि तेथून खासगी क्रेनवाल्याचे काम सुरू होते. त्यामुळे खड्ड्यात कलंडलेला ट्रक मालासकट सरळ करणे, दरीच्या उतारावरून केबिन वर घेणे, पुढची चाके उचलून चाळीस-पन्नास किलोमीटर टोचन करणे, अशी गुंतागुंतीची कामे खासगी मालकाकडे अधिक येतात. हात तयार होतो तो तेथे, हे मान्य केलेच पाहिजे.

मात्र ती कामे करताना चूक करायला जागा फार थोडी असते. अवजड गाडीच्या एअर ब्रेकमधील हवा उतरली की मागच्या चाकांचे स्प्रिंग ब्रेक आपोआप आवळले जातात. म्हणून अशी गाडी ओढण्यापूर्वी एक तर आपल्या गाडीतून नळीने तिला हवा द्यावी लागते, नाही तर ब्रेक चेंबरचा बोल्ट फिरवून स्प्रिंग आवळून ठेवावी लागते, आणि त्याआधी चाकांना उटी (चाक अडवणारे ठोकळे) लावल्या नाहीत तर ब्रेक सुटताच उतारावर गाडी अंगावर येते. मागची चाके जमिनीवर ठेवून लांब न्यायचे असेल तर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्स आणि मागची चाके जोडणारा दांडा) उतरवावा लागतो, कारण इंजिन बंद असताना गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही आणि ती जळते. ओझे दोन बेल्टने उचलताना बेल्टमधील कोन 120 अंशांपर्यंत उघडला, तर प्रत्येक बेल्टवर निम्मा नव्हे, तर पूर्ण भार येतो. स्नॅच ब्लॉक (उघडता येणारी कप्पी) लावून दोर दुहेरी केला की विंचची (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राची) ओढ जवळपास दुप्पट होते आणि वेग निम्मा होतो; हा निम्मा वेग घाईत असलेल्या कोणालाच आवडत नाही.

नेमक्या याच घाईत दोन्ही नोकऱ्यांमधला फरक दिसतो. 2018 मध्ये मालवाहू वाहनांच्या भाराची मर्यादा वाढवल्यानंतर सर्वांत मोठ्या ट्रेलरचे मालासह वजन 55 टनांपर्यंत असू शकते. उलट, 14 टनी हायड्राचा 14 हा आकडा सपाट जमिनीवर, बूम (क्रेनचा लांब हात) आत घेतलेला असतानाचा आहे. बूम जसजसा पुढे काढावा तसतशी ताकद घटत जाते आणि घाटातल्या तिरक्या रस्त्यावर लटकते ओझे घेऊन वळताना हायड्रा स्वतःच आडवी होऊ शकते. अशा वेळी दुसरी क्रेन मागवणे हाच योग्य उपाय असतो. कंपनीच्या पट्ट्यावर ती मागवण्याची पद्धत ठरलेली असते, महामार्ग पोलीस वाहतूक रोखून धरतात आणि निर्णयाचा भार एकट्या चालकावर पडत नाही. तेथेही दडपण असतेच. बोरघाटात एक मार्गिका अडली की रांग खालापूरच्या दिशेने वाढत जाते आणि प्रत्येक साहेबाचा फोन येतो. खासगी कामात मात्र दुसरी क्रेन म्हणजे भाड्यातला वाटा दुसऱ्या मालकाला देणे. त्यामुळे ‘बघ जरा, निघेल’ हे वाक्य तेथे वारंवार ऐकू येते.

टँकरच्या बाबतीत हा फरक जिवावरचा ठरतो. टँकरवरील आपत्कालीन माहितीच्या फलकावर पदार्थाचा क्रमांक असतो. 1075 म्हणजे एलपीजी, 1203 म्हणजे पेट्रोल. असा टँकर उलटला असेल, तर अग्निशमन दल आणि तेल किंवा गॅस कंपनीचे तज्ज्ञ परवानगी देईपर्यंत त्याला हुक लावायचा नसतो, आणि अनेकदा आतील माल दुसऱ्या टँकरमध्ये घेतल्यावरच तो सरळ केला जातो. जून 2023 मध्ये द्रुतगती मार्गावर कुणे पुलाजवळ टँकरने पेट घेतला, तेव्हा चौघांचे प्राण गेले होते. फलक वाचता न येणाऱ्या मालकाच्या भरवशावर असे काम घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पैशाकडे. कंपनीकडे, किंवा बहुतेकदा तिच्या ठेकेदाराकडे, महिन्याचा बांधलेला पगार आणि पाळी असते. रात्रभर एकही फोन आला नाही तरी पगार कापला जात नाही. खासगी मालकाकडे पगार बेताचा आणि प्रत्येक कामामागे भत्ता किंवा कमिशन, अशी रीत आढळते. पावसाळ्यात ती फायद्याची वाटते. पण भाड्याची घासाघीस पुष्कळदा चालकालाच करावी लागते, कारण अपघातग्रस्त ट्रकचा मालक राजकोटला किंवा सेलमला बसून फोनवर बोलत असतो. गाडी गॅरेजला पोहोचल्यावर बंपर क्रेनमुळे वाकला, अशी तक्रार आली की कमिशन अडते. बेल्ट लावण्यापूर्वी चारही बाजूंनी मोबाईलवर फोटो काढून ठेवण्याची सवय त्यामुळेच लावून घ्यावी.

भविष्य निर्वाह निधीचे बंधन वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला लागू होते. तीन-चार माणसे ठेवणारा क्रेनमालक त्यात येत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) 21,000 रुपयांपर्यंतच्या वेतनाचे कामगार येतात, म्हणजे ठेकेदाराकडील चालक साधारणपणे तिला पात्र ठरू शकतो. पण ठेकेदार नेमणूकपत्र देत नसेल आणि पगार रोखीने देत असेल, तर कंपनीच्या नावाचे जॅकेट घालूनही तुमची स्थिती खासगी माणसापेक्षा बरी नसते. कामावर हात चिरडला तर भरपाई मागण्याचा हक्क दोन्हीकडे आहे. आपण त्या क्रेनवर नोकरीला होतो, हे दाखवणारा कागद मात्र हवा.

परवान्याचा भाग थोडक्यात सांगता येतो. अवजड मालवाहू वाहन म्हणजे 12,000 किलोंपेक्षा अधिक एकूण वजनाचे. व्यावसायिक परवान्यासाठी वय किमान 20 वर्षे आणि हलक्या वाहनाचा परवाना एक वर्ष जुना असावा लागतो, नूतनीकरण दर पाच वर्षांनी. हायड्रासाठी त्या वर्गाची नोंद परवान्यावर आहे का, हे रुजू होण्यापूर्वी आरटीओत तपासावे.

स्वतःची क्रेन घेण्याचा विचार अनेकांच्या मनात असतो. हप्ता दरमहा येतो आणि अपघात वेळापत्रकाने होत नाहीत, एवढे लक्षात घेतले तर पहिल्या काही वर्षांत तो बाजूला ठेवणे बरे.

क्रेनवर नवा असलेल्या, घरी लहान मुले असलेल्या चालकाने आधी टोल कंपनीचा पट्टा धरावा, मात्र नेमणूकपत्र हातात घेऊनच. दोन-तीन पावसाळे काढून दोर, बेल्ट आणि उताराचा अंदाज आला की खासगीकडे वळावे. तेव्हा मालकही अनुभवी माणसाचा नकार ऐकून घेतो, आणि कमिशनचा दर आधी लिहून मागण्याइतकी तुमची किंमत झालेली असते. ज्याने आधीच गॅरेजमध्ये किंवा एसटीच्या ब्रेकडाऊन गाडीवर काम केले आहे, त्याला ही पहिली पायरी वगळता येईल. मालक निवडताना त्याच्या क्रेनचे वायर रोप हाताळून पाहावे: तुटलेल्या तारा बाहेर आलेल्या असतील आणि हुकाची लॅच (बेल्ट निसटू न देणारी पट्टी) गायब असेल, तर पगाराची चर्चा सुरूच करू नये.