कबड्डी : शाळेचा संघ की गावातलं मंडळ?

आठवीतल्या भाच्यासाठी ताईने विचारलं, शाळेकडून खेळवू की मंडळाकडून?

खर्च दोन्हीकडे थोडाच. शाळेत फी नसते, मंडळात वर्गणी आणि बुटांचे पैसे.

खरा फरक सरावात. शाळेचा संघ बहुतेक ठिकाणी स्पर्धेच्या तोंडावर उभा राहतो. मंडळात रोज संध्याकाळी मोठ्या पोरांच्या पकडी सोसाव्या लागतात. चढाईतलं धाडस तिथंच येतं, असं माझं ठाम मत. पण अभ्यासाचा वेळही तिथंच जातो.

वाट दोघांची वेगळी. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढत राष्ट्रीयपर्यंत जाते. संघ हरला की बहुधा वर्ष संपतं. मंडळं खेळतात कबड्डी संघटनेच्या स्पर्धांत. तिथल्या किशोर, कुमार या गटांत वयाबरोबर वजनाचीही अट असते, पण मंडळ हरलं तरी चांगला खेळाडू जिल्हा संघासाठी निवडला जाऊ शकतो.

नुकता खेळू लागलेल्या, दहावीच्या क्रीडागुणांकडे डोळा असलेल्या मुलाला शाळा पुरे. कबड्डीतच पुढं जायचं असेल त्याने मंडळ धरावं. भाच्याला मी दोन्ही सांगितलंय. नववीपर्यंत ते जमतं.