सागवानी बुटकं कपाट: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात, आमच्या गावात याला कुणी साइडबोर्ड म्हणत नाही. मामाजी, म्हणजे माझे सासरे, 'बुटकं कपाट' म्हणतात, तर तेच नाव धरू. ५ फूट लांब, १८ इंच खोल, ३३ इंच उंच. मधे तीन ड्रॉवर, दोन बाजूंना एकेक दार. जानेवारीत ते बैठकीत लागलं, आता नोव्हेंबर संपत आलाय. हिवाळा, उन्हाळा, पावसाळा, तिन्ही त्यावरून गेल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लाकडाचं काम पहिल्या महिन्यात सगळंच छान दिसतं.

जुनं मातीचं, कवेलूचं घर पाडलं तेव्हा सागवानाच्या चार मयाली, म्हणजे छताच्या तुळया, निघाल्या. मामाजींच्या वडिलांनी घातलेल्या. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान गेलं तेव्हापासून आमच्या भागात सागाचं कौतुक फार, पण घरात मात्र जो तो सनमायका लावलेलं तयार कपाट आणतो. मयालींना गिऱ्हाईकही आलं होतं. मन होईना. आरा मशीनवाला आधी नाहीच म्हणाला, कारण आत एक खिळा राहिला तरी त्याचं पातं जातं. दोन दिवस अंगणात बसून, चुंबक फिरवत, आम्ही एकेक खिळा उपटला. खिळ्याभोवती लाकूड काळं पडलेलं, बाकी आत मधासारखा रंग. पहिला रंधा फिरला आणि सागाचा तो चामड्यासारखा वास अंगणभर झाला. मामाजी खुर्ची घेऊन दिवसभर तिथंच बसले.

मयालींतून सांगाडा, वरची फळी आणि ड्रॉवर निघाले. दारांच्या पॅनलपुरतं लाकूड कमी पडलं. ते एका दुकानातून 'पूर्ण वाळलेलं' म्हणून आणलं. त्याचं पुढे सांगते.

सुतारभाऊ पिढीजात कारागीर. २२ दिवस काम चाललं, रोज ९०० रुपये. सांगाड्याला सगळीकडे कुसू आणि भोक, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या भोकात, ड्रॉवरला डव्हटेल, म्हणजे पंख्यासारखे दाते एकमेकांत अडकवलेला सांधा, खिळा कुठेच नाही. सागात बारीक वाळूसारखी सिलिका असते, त्यामुळे धार लवकर मरते. घडीघडी रंध्याचं पातं दगडावर घासणं चालायचं. पाय ६ इंच उंच ठेवले, खालून झाडू-पोछा नीट जातो आणि उधई (वाळवी) चढू लागली तर डोळ्यांना दिसते. सागाच्या गाभ्याला उधई सहसा लागत नाही, पण सालीलगतच्या पांढऱ्या भागाला लागते, म्हणून तो भाग सरसकट काढायला लावला.

आमचा वाद झाला तो वरच्या फळीवरून. माझं म्हणणं, गोंद लावून, स्क्रू मारून पक्की करा. सुतारभाऊ म्हणाले, "ताई, लाकूड पानी पेते. त्याले जागा नाई देली त थे सोताच करून घेते." मग फळी आतल्या बाजूनं लाकडी गुटक्यांवर अडकवली, गुटके खाचेत मागेपुढे सरकतील असे. मी जानेवारीत फळीची रुंदी मोजून आत पेन्सिलीनं लिहून ठेवली. मेअखेरीस ती ३ मिलिमीटरनं कमी भरली, ऑगस्टमध्ये जानेवारीपेक्षा २ मिलिमीटर जास्त. लांबीत फरक नाही, लाकूड रेषेच्या आडवंच हलतं. जुनं लाकूड मेलेलं असतं, हलत नाही, असं लोक सांगतात. माझ्या डोळ्यांसमोर इतकी वर्षं वाळलेली मयाल ५ मिलिमीटर हलली. स्क्रूनं आवळली असती तर तडकली असती.

आता कूलर. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, बैठकीच्या खिडकीत कूलर लागतोच. त्याचा ओला वारा थेट कपाटाच्या डाव्या अंगावर यायचा. भर मे महिन्यात डावं दार फुगून अडकायचं आणि त्याच वेळी उजव्या दाराला फट! मी सुतारभाऊंना फोन करून बोल लावला. मग आठ दिवस माहेरी जाऊन आलो, घर बंद, कूलर बंद, आणि डावं दार अलगद उघडलं. त्यांची माफी मागितली. कपाट बनवायच्या आधी ते कुठे ठेवायचं हे ठरवताना भिंत बघतो, खिडकी बघतो. विदर्भात कूलरचं तोंडही बघा. आम्ही ते समोरच्या भिंतीला हलवलं, चौघं लागले.

हलवलं आणि दुकानाच्या लाकडानं आपला गुण दाखवला. उजव्या दाराचं पॅनल चौकटीच्या खाचेत मोकळं होतं, ते इतकं आकसलं की दोन्ही कडांना पॉलिश न लागलेली पांढुरकी पट्टी उघडी पडली. चूक आमचीही: पॅनल चौकटीत बसवण्याआधीच पॉलिश करायला हवं होतं. डाव्या पॅनलला खाचेत गोंद ओघळून चिकटला होता, हे कुणालाच कळलं नव्हतं. ओला वारा बंद झाला, लाकूड आकसू लागलं, पण कडा सुटेनात. एका रात्री कट्ट असा आवाज आला. सकाळी उभी चीर, वीतभर लांब, आरपार. हात फिरवला तर नख अडकतं. दुकानदाराचं उत्तर: सागवान असंच असतं. नाही हो, त्याच कपाटात मयालीचे तीन ड्रॉवर आहेत. ऑगस्टमध्ये मधला जरा घट्ट झाला, खाली मेणबत्ती घासली, बस.

वरच्या फळीला आधी चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश होतं. झळाळी अशी की हात लावू नये वाटे. पण चपडा उष्णतेला टिकत नाही. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, चहाचं गरम पातेलं टेकवलं आणि पांढरं वर्तुळ उठलं. सगळं घासून काढलं आणि तेलघाण्यावरचं जवसाचं तेल चढवलं, चार हात, प्रत्येक हात कोरडा व्हायला चार-पाच दिवस. कच्चं तेल सावकाश वाळतं, पण आता पातेल्याचं वर्तुळ उठत नाही, आणि फिकं पडलं की पुन्हा एक हात देता येतो. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. मी त्या पाण्यात बुडवून, अंगणात पसरून वाळवल्या.

३३ इंच उंची आईंना उभ्यानं ताटं वाढायला अगदी सोयीची झाली. मोठी परात मात्र मापात धरायची राहिली, ती आत बसत नाही.

डावं पॅनल बदलायचंय. मयालीचा तुकडा आता उरला नाही, म्हणून यावेळी लाकूड सप्टेंबरातच आणून माळ्यावर पट्ट्यांवर रचून ठेवलं. त्याचा एक तुकडा दर रविवारी किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवते. वजन घटायचं थांबलं की सुतारभाऊंना बोलवायचं. पहिल्या रविवारी ६८२ ग्रॅम होता, मागच्या रविवारी ६१४, काल ६११.